टिटवी गच्चीवर का आली?

लातुरात क्लासच्या पोरींसाठी होस्टेल चालवणाऱ्या प्रेमलाकाकूंचा नियम कडक : विचारल्याशिवाय कुणी मुक्कामाला यायचं नाही. त्या एप्रिलात टिटवीनं तो मोडला. गच्चीवरच्या खडीत तिची चार ठिपकेदार अंडी! कपडे वाळत घालायला गेलेल्या पोरी झेपा चुकवत, किंचाळत खाली आल्या.

शेजारचे महादेवप्पा टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगत. नदीपात्रात घातली तर दुष्काळ, उंचावर घातली तर पूर. "तिसऱ्या मजल्यावर? औंदा लातूर बुडतंय!" म्हणत त्यांनी घाईघाईनं आपलं छत डांबरून घेतलं. पाऊस पुढं नेहमीसारखाच रुसला, हे त्यांच्यापुढं काढू नका.

काकूंची अडचण वेगळी होती. जूनच्या प्रवेशाआधी गच्चीवर खोल्या चढवल्या नाहीत, तर पोरी समोरच्या नव्या होस्टेलात जाणार. मिस्त्री व्यंकटी वाळू घेऊन हजर.

"काकू, उचलू का अंडी? घालंल की दुसरीकडं."

"कुठं घालंल? दाखव."

व्यंकटीनं कठड्यावरून पाहिलं. टाक्या, पत्रे, क्लासचे बोर्ड. "तुम्ही बी लई इचारता," तो पुटपुटला.

काकूंच्या डोळ्यांपुढं माहेरचा माळ होता. तिथं माळढोक यायचा. कमरेएवढा उंच, चालीत पाटलाचा रुबाब. त्याची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. काही शिकारीत गेले. मग माळ नांगरला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर उरल्या माळावर गावाची नवी घरं झाली. त्यातलंच एक काकूंच्या वडिलांचं. वाईट कुणीच नव्हतं. पण मरतात तितकेही जन्मत नाहीत, तेव्हा ती जात संपायला लागते. एकाएकी नाही. यंदा थोडे कमी, पुढल्या साली आणखी, आणि शेवटचा कधी गेला ते कुणाच्या ध्यानातही राहत नाही. काकूंच्याही राहिलं नव्हतं.

"पिल्लं निघेपर्यंत काम बंद," त्या म्हणाल्या.

"आन् पोरी गेल्या मंग?"

"पोरींना दुसरं होस्टेल हाय, मुडद्या!"

पिल्लं निघाली. काकूंनी ती सुपात घालून रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. नर-मादी डोक्यावरून शिव्या घालत सोबत. जूनमध्ये बऱ्याच पोरी खरंच समोर गेल्या.

आता त्या प्लॉटवरही होस्टेलचा बोर्ड लागलाय. काकूंच्या खोल्या अजून झाल्या नाहीत. महादेवप्पा म्हणतात, पैसा नाही. काकू म्हणतात, मिस्त्री मिळत नाही. गच्चीवरची खडी मात्र त्या कुणाला हलवू देत नाहीत.