कॅल्शियमची बाटली

संशय घेणं हे माझं कामच आहे. मस्कतमधल्या वादी अदाईत एका लहानशा औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे, आणि काउंटरपलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत मी त्याचे डोळे बघून घेतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर नशा चढलेली, पसरलेल्या असतील तर नशेची तलफ. सारख्या जांभया देत, नाक पुसत कोणी खोकल्याचं औषध मागू लागला की मी म्हणतो, "भाई, पर्ची दिखाओ." चिठ्ठी नसेल तर खलास. बायको मला 'कस्टमवाले' म्हणते. म्हणू दे. इथे एका चुकीच्या बाटलीपायी लायसन जातं, व्हिसा जातो, आणि अल् घुब्रातला भाड्याचा फ्लॅट रिकामा करून माणसं गावी परततात. अशी दोन कुटुंबं मी विमानतळावर पोचवली आहेत.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी बायकोच्या धाकट्या भावाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला होता. तो तिकडे एका गोदामात सुपरवायझर आहे. एकदा ओझं उचलताना त्याची पाठ धरली ती कायमची. रत्नागिरीला जाताना तो आठ दिवस आमच्याकडे उतरणार होता. बोलता बोलता बहिणीला म्हणाला, "ताई, आमच्या स्टेटने त्या गोळ्या बंद केल्या. आता पलीकडच्या स्टेटमध्ये जाऊन आणाव्या लागतात."

मी पेपरातून डोकं वर काढलं. "कसल्या गोळ्या?"

"काही नाही हो भाऊजी, झाडपाल्याच्या. पेट्रोल पंपावर मिळायच्या."

झाडपाला म्हटलं की माझे कान टवकारतात. अफूसुद्धा शेतातच उगवते. खोदून विचारल्यावर नाव कळलं, क्रॅटम. दुपारभर मी त्याच्याविषयी वाचत बसलो. आग्नेय आशियातल्या एका झाडाचं हे पान, तिकडचे मजूर ते चघळतात. त्या पानात अगदी किंचित असणारं एक द्रव्य कारखान्यात घट्ट करून त्याच्या गोळ्या बनवतात, आणि मेंदूत अफू जिथे जाऊन बसते तिथेच ते जाऊन बसतं. कायद्याची तऱ्हा तर आणखीच. एका राज्यात पानाची पूड चालते पण गोळी बाळगणं गुन्हा, दुसऱ्यात दोन्ही बंद, तिसऱ्यात हीच गोळी च्युइंगमशेजारी मांडलेली. अर्धा तास गाडी चालवली की गुन्हेगाराचं साधं गिऱ्हाईक होतं आणि परत फिरलं की पुन्हा गुन्हेगार. पण मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. हा बाबा आणखी एक सीमा ओलांडून मस्कतला येणार होता, तोही मी काढलेल्या व्हिसावर.

मी लगेच त्याला फोन लावला. "एकही गोळी आणू नकोस. पूड नको, पान नको, चहाची पिशवीसुद्धा नको."

"भाऊजी, रिलॅक्स," तो म्हणाला.

रिलॅक्स म्हणणाऱ्या माणसावर माझा सगळ्यात कमी विश्वास. तो आला, आंघोळीला गेला, आणि मी त्याची बॅग उघडली. लाज वाटली, पण उघडली. मोज्यांत हात घातले, दाढीच्या क्रीमचं झाकण काढून वास घेतला. काही सापडलं नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

"झालं समाधान?" तिने विचारलं. झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचं नाक वाहू लागलं. जांभयांवर जांभया, अंगावर काटा, सोफ्यावर बसला तरी पाय थाऱ्यावर नाहीत. आमच्या नववीतल्या मुलीला वाटलं, एसी बाधला. मी त्याच्या पसरलेल्या बाहुल्या बघितल्या आणि त्याला गॅलरीत नेऊन सरळ विचारलं. त्याने काही लपवलं नाही. माझ्या फोनमुळे तो घाबरला होता आणि निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकून आला होता. दिवसाला पाच-सहा घेत होता म्हणे. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर डोळे पुसत होता, आणि मला मात्र आतून बरं वाटत होतं, कारण माझा संशय खरा ठरला होता. हे आज लिहितानाही आवडत नाही.

"चार-पाच दिवस जातील," मी म्हणालो. "पाणी पीत राहा. कळ काढ."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर गडी सोलकढीचा दुसरा पेला पीत बसला होता. नाक कोरडं, पाय शांत, मुलीला शाळेतले किस्से विचारणं चालू. चार-पाच दिवसांचा त्रास एका रात्रीत जात नाही. म्हणजे माल घरात होता. तो खाली फिरायला गेल्यावर मी पुन्हा शोधाशोध केली. गादीखाली पाहिलं, फ्लशच्या टाकीत पाहिलं, त्याचे बूट झटकले. हाती काही लागलं नाही.

चौथ्या दिवशी बायकोच्या हातून आमटीचं पातेलं सुटलं. ती मुलीवर ओरडली, मग माझ्यावर, मग ओट्याला टेकून रडली. मुलगी हळूच माझ्याजवळ आली. "बाबा, मामाचा कोल्ड आईला गेला."

मी वळून बायकोकडे पाहिलं. ती जांभई देत होती. नाक पुसत होती. कोपरापर्यंत काटा आला होता. आपण हे दुकानात किती वेळा पाहिलंय, एवढंच मनात आलं.

फ्रिजवर कॅल्शियमची बाटली होती. कितीतरी महिने ती तिथेच होती, माझ्या डोळ्यांसमोर. मी ती खाली काढली. आत तळाशी एक तुटका तुकडा उरला होता. कॅल्शियमची गोळी मी अंधारातही ओळखेन, आणि ही ती नव्हती.

ती बाटली घरात मीच आणली होती. आमच्यात कोणीही विमानात बसलं की त्याच्याबरोबर चार घरांचं सामान येतं. नाही म्हणायची पद्धत नाही. मेहुण्याच्या शेजारच्या एक काकू मस्कतला लेकीकडे आल्या, तेव्हा विमानतळावर जाऊन त्यांच्याकडून मेहुण्याने पाठवलेली पिशवी घेतली ती मीच. चॉकलेटं, शाम्पू, कॅल्शियम. बिचाऱ्या काकूंना कोणी अडवलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? गाडीत बसून मी बाटलीवरची एक्सपायरी वाचली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "रोज घेत जा. चाळिशीनंतर हाडांना लागतं."

"उरलेल्या सगळ्या त्याला दिल्यास?" मी विचारलं.

"तो तडफडत होता. तुम्ही म्हणालात, कळ काढ."

"आणि तू कधीपासून घेतेयस?"

"त्याने माझ्या पाठीसाठी बाटली पाठवली तेव्हापासून. रोज एक. कधी अर्धी."

"मला सांगायचंस ना. मी औषधवाला आहे."

"सांगितलं होतं, पाठ दुखतेय म्हणून. दुखण्यावरचं जेल लाव म्हणालात." ती शांतपणे बोलत होती. "त्याची बॅग उघडलीत, बूट झटकलेत. माझी पाठ एकदा तरी बघायचीत."

जेल लाव, असं मी खरंच म्हणालो होतो, फोनमधून मान वर न करता.

पाचव्या दिवशी बहीणभाऊ सोफ्याच्या दोन टोकांना चादरी गुंडाळून कुडकुडत बसले होते, आणि मी डॉक्टरकडे जायचं टाळत होतो. डॉक्टरने कुठे कळवलं तर? माझं लायसन? तो सबंध दिवस मी बायकोपेक्षा लायसनचा विचार जास्त केला. संध्याकाळी तिला उलटी झाली, मी तिचे केस मागे धरले, तेव्हा कुठे माझ्यातला भित्रा माणूस गप्प झाला. दोघांनाही आमच्या दुकानालगतच्या क्लिनिकमध्ये नेलं आणि डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, ऐकून घेतलं, आणि बायकोच्या पाठीचा एमआरआय काढायला लावला. मणक्यातली गादी सरकली होती. ते दुखणं खोटं असेल असंही माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं.

कोणी कुठे कळवलं नाही. तरी महिनाभर दाराची बेल वाजली की मी दचकायचो. मेहुणा आठ दिवसांचे बारा दिवस राहून गावी गेला. आता अमेरिकेत बरा आहे म्हणतो, पण व्हिडिओ कॉलवर बाहुल्या नीट दिसत नाहीत. बायकोची पाठ व्यायामाने बरीच सुधारली आहे. फ्रिजवर आता काहीच ठेवत नाही.

रोज संध्याकाळी ती चहा घेऊन येते आणि मी कप घ्यायच्या आधी तिच्या डोळ्यांत बघतो. नको म्हटलं तरी नजर तिथेच जाते. तिला ते कळतं. ती कप हातात धरून उभी राहते, माझं बघून होईपर्यंत पापणी लववत नाही, आणि मग कप टेबलावर ठेवून आत जाते.