आर्झेलामावशीचा ठेका

लेम्युअल ग्रीरच्या पहिल्या तबकडीवर जो ठेका ऐकू येतो, तो ड्रमवरचा नाही. माझ्या आर्झेलामावशीच्या मांड्यांवरचा आहे. वेष्टनावर लेम्युअलचा लाल कोट आहे, मावशीचं नाव नाही. माझा राग त्यावर नाही. तिचाही नव्हता.

शिकागोत आम्ही सगळे एकाच इमारतीत राहायचो. लेम्युअल लहानपणी मावशीच्याच स्वयंपाकघरात पडलेला असायचा. चुलीवर घेवडा शिजेपर्यंत पोरांनी गप्प बसावं म्हणून ती उजवा हात मांडीवर मारायची, तसाच वर छातीवर न्यायची, उलट्या हाताने खाली आणायची, मध्येच टाच आपटायची. मिसिसिपीत तिच्या आजोबांनी तिला हे शिकवलं होतं. लेम्युअलने पुढे तेच गिटारवर आणलं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ड्रमवाला तो ठेका कवायतीसारखा सरळ करून टाकू लागला. लेम्युअल वैतागला आणि मावशी काम करायची त्या लाँड्रीतून तिला उचलून घेऊन आला. तिच्या गुडघ्यांपाशी माइक लावला.

"मावशी, घरी बसतेस तशी बस."

"घरी तू एवढ्या वायरी आणत नाहीस," ती म्हणाली आणि सुरू झाली.

लाँड्रीत पन्नाशीच्या मावशीला गोरा मालक "ए पोरी" म्हणून हाक मारायचा. रविवारी मात्र ती सिस्टर टिसडेल असायची. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, छातीवर बिल्ला. चर्चच्या दारात उभी राहून ती लोकांना जागा दाखवायची. तिने बोट केलं की चर्चचा कारभार बघणारे डीकनसुद्धा मुकाट सरकून बसायचे. आठवडाभर ती त्या दोन तासांसाठी जगायची.

तबकडी गाजली आणि आमच्या चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड ओक्स यांनी त्या तबकडीविरुद्ध प्रवचन ठेवलं. पाप कसं ऐकू येतं ते कळावं म्हणून त्यांनी ती चक्क वेदीसमोर लावली. ठेका सुरू झाला आणि बाकांखाली पाय हलू लागले. म्हाताऱ्यांचे आधी.

"पाहा," रेव्हरंड म्हणाले, "सैतान पायांतून शिरतो तो असा."

मावशी दारातून पुढे आली. "तो सैतान नाही, रेव्हरंड. त्या माझ्या मांड्या आहेत."

मी हसले. आईने मला चिमटा काढला.

"सिस्टर, जागेवर जा," डीकन क्रँडल पुटपुटले.

"तुम्ही आधी पाय थांबवा, ब्रदर, मग मी जाते." तिचा आवाज चढला नव्हता. "गुलामीत मालकांनी आपले ढोल काढून घेतले, तेव्हा आपल्या माणसांनी अंगाचा ढोल केला. शेतात राबून आल्यावर माझे आजोबा याच ठेक्यावर प्रार्थना करायचे. वर्षाच्या शेवटच्या रात्री आपण इथे, याच फळ्यांवर गोल फिरत प्रार्थनेत कुठला ठेका आपटतो? तेव्हा तो पवित्र आत्मा. लेम्युअलने वाजवलं की सैतान?"

"प्रार्थना वेगळी, दारूच्या गुत्त्यातलं गाणं वेगळं."

"गाणं वेगळं असेल. ठेका माझ्या आजोबांचा आहे."

रेव्हरंडनी तबकडी बंद केली. पुढच्या रविवारी सर्वांसमोर क्षमा मागायची, नाहीतर पोशाख आणि बिल्ला परत करायचा, असं त्यांनी सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या रात्री मावशीचा हात धरून नाचणाऱ्या बायका तिथेच बसल्या होत्या. सगळ्या मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिल्या. त्या पर्स मला अजून आठवतात, आणि अजून राग येतो.

आठवडाभर आई तिच्या मागे लागली होती. "आर्झी, दोन शब्द बोलून टाक. तुझ्याकडे त्या बिल्ल्याशिवाय दुसरं आहे काय?"

"म्हणून तर तो खोटं बोलून ठेवायचा नाही," मावशी म्हणाली. शनिवारी तिने पोशाखाला स्टार्च केलं, इस्त्री केली, बिल्ला वर ठेवला आणि घडी चर्चमध्ये नेऊन दिली.

रविवारी ती निळा झगा घालून आली. दारात ओडेसा होती, मावशीनेच तयार केलेली मुलगी, आता पांढऱ्या हातमोज्यांत. तिने नियमाप्रमाणे मावशीला मागच्या बाकाकडे नेलं, पाहुण्यांना नेतात तसं, आणि मान खाली घालून पुठ्ठ्याचा पंखा पुढे केला.

"पाठ ताठ ठेव गं," मावशी म्हणाली. "आणि पंखा राहू दे. मला दोन्ही हात मोकळे लागतील."

पहिलं भजन सुरू झालं.