मी कमी केलेली नावं

माझं अक्षर चांगलं, हाच माझ्या नोकरीतला मोठा दोष. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी शाळामास्तर होतो आणि सरकारचं कुठलंही काम निघालं की ते माझ्या गळ्यात पडायचं. नव्वदच्या आगेमागे मतदार याद्या तपासायचं काम आलं. मेलेले, गाव सोडून गेलेले शोधायचे आणि त्यांच्या नावांवर लाल शाईची रेघ मारायची.

दिवाळी होऊन गेली होती. गावातली घरं चार दिवसांत आटोपली. उरला डोंगरातला पाडा. चढून गेलो तर एकही माणूस नाही, प्रत्येक दारावर बोरीच्या काट्यांची फांदी आडवी लावलेली. ऊसतोडीला गुजरातेत जाताना पाड्यावरचे लोक अशी फांदी लावतात, हे मला नंतर कळलं. घर आमचं आहे, आम्ही परत येणार, एवढाच तिचा अर्थ. मी केळीच्या पट्ट्यातला; आमच्याकडे घराला कुलूप लागतं. मला वाटलं, पाडा कायमचा सोडून गेले हे लोक. विचारायचं तर पुन्हा खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. ऊन होतं, कंटाळा आला. दगडावर बसून सगळ्यांच्या नावांवर रेघा मारल्या. पट्टी लावून मारल्या.

मतदानाला ते लोक ट्रकमध्ये उभे राहून आले आणि आले तसे परत पाठवले गेले. मी ड्युटीवर दुसऱ्या गावी होतो. परतलो तर शाळेच्या पायरीवर पाड्यावरचा म्हातारा बसलेला. सगळे त्याला आबा म्हणायचे.

"गुरुजी, यादीमा मनं नाव नही. आमनं बठ्ठासनं नही, एकनं बी नही. साहेब म्हने, तुम्ही आठे राहतस नही. मंग आम्ही कोठे राहतस?"

चूक वर कळली तर नोकरीवर येईल, ही भीती आधी वाटली. लाज मागून आली. "बघतो, आबा," म्हणालो.

त्याच सुमारास निवडणूक सुधारणेसाठी दिल्लीत नेमलेल्या आयोगाचे सदस्य खानदेशातल्या लोकांचं म्हणणं ऐकायला धुळ्याला येणार होते. यादी स्वच्छ म्हणून तालुक्यातून मला बोलायला पाठवायचं ठरलं. आबाला हे कळलं.

"तठे आमनं सांगा, गुरुजी. दिल्लीना लोके शेतस."

मी कबूल केलं, आणि तेव्हा खरंच सांगणार होतो.

धुळ्याच्या सभागृहात माझी ओळख करून दिली: ज्यांच्या यादीत एकही खोटं नाव नाही, असे शिक्षक. टाळ्या झाल्या. एका सदस्यांनी विचारलं, "बोला, याद्यांत काय सुधारणा हवी?" पाड्यावरच्या नावांचा कागद माझ्या खिशात होता. तो मी काढला नाही. खोट्या मतदानावर, दारूवाटपावर दहा मिनिटं चांगलं बोललो. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, याची आजही चीड येते.

चोपड्याच्या स्टँडवर आबा वाट पाहत होता. "सांगं का?"

"सांगितलं."

त्याने माझे दोन्ही हात कपाळाला लावले.

अर्ज भरून नावं पुन्हा घालता आली असती. पण ती गेली कशी, हेही लिहावं लागलं असतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वरणगावकडे बदली झाली आणि सुटलो बुवा, असं वाटलं.

पुढच्या निवडणुकीनंतर चोपड्याच्या शाळेतला एक जुना सोबती भेटला. पाड्यावरची माणसं ऊसतोड सोडून पुन्हा आली होती. नावं नाहीत म्हटल्यावर बाकीचे मागे फिरले, आबा हलेना. पोलिसाने दंडाला धरलं तरी तो साहेबाला समजावत होता, "साहेब, नीट देखा. दिल्लीले आमनं नाव मालूम शे. गुरुजीनी सांगेल शे."