न मोजलेल्या कोंबड्या

दिनांक १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. आमच्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात गिताबाई हरिबा कोकरे यांनी सादर केलेला पुरावा तेथील परिचराने गप्पा मारता मारता खाल्ला, आणि उरलेला पुरावा अपुरा ठरवून त्यांच्या वस्तीवरील कोंबड्यांचे लसीकरण नाकारण्यात आले. मी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. तिची पोच अद्याप मिळालेली नाही. म्हणून ती येथे नोंदवतो.

गिताबाई पाटसच्या अलीकडे, माझ्या उसाच्या बांधाला लागून राहतात. त्यांचे सासरे मेंढरे घेऊन फिरत, तेव्हा घोड्याच्या पाठीवरील बाडबिस्तऱ्यावर कोंबड्या बांधलेल्या असत. मेंढरे गेली, घोडा गेला, घराला पत्रे आले. कोंबड्यांचा वंश मात्र टिकला. त्यातली एक काळी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, बाईंची विशेष लाडकी. तिचे नावच ‘घोडी’. ती माझ्या ओसरीवर येऊन वर्तमानपत्रावर बसते. याविषयी मी अनेकदा नापसंती कळवली आहे.

‘‘बसू द्या की, दादा,’’ बाई म्हणतात. ‘‘तुमी वाचून झाल्यावरच बसती ती.’’

कोंबड्यांचे त्यांचे करणे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. सकाळी बाजरी आणि तांदळाची कणी, दुपारी भाजीची देठे. शेण भरलेले मडके रात्रभर बांधावर पालथे घालून त्यात जमलेली वाळवी पिलांना. अंड्याचे कवच मऊ लागले की जुनी कवचे भाजून, कुटून खाद्यात. पिसांत उवा झाल्या की चुलीची राख खड्ड्यात टाकून ठेवायची. पुढचे, म्हणजे त्यात लोळणे, कोंबड्याच पाहतात. एखादी मान पाडून बसली की तिला वेगळ्या डालग्याखाली झाकून पाणी आधी पाजायचे, दाणा मागून. कोंबडीशी त्या बोलतात तशा नवऱ्याशी, हरिबांशी, बोललेल्या मी ऐकलेल्या नाहीत.

परंतु मानमोडीपुढे, म्हणजे राणीखेत रोगापुढे, हे काहीच चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती येते आणि वस्तीच्या वस्ती रिकामी करते. उपाय एकच, आधी लस. लसीची एक कुपी शंभर पक्ष्यांची असते. एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. त्यामुळे दवाखान्याने सांगितले, ‘‘शंभर पक्षी असल्याचे दाखवा, आम्ही वस्तीवर येतो.’’

अडचण येथे उद्भवली. या वस्तीवर कोंबड्या मोजत नाहीत. मोजल्या की मर लागते, असा समज आहे. मी वही घेऊन निघालो, तर पहिल्याच दारात साखरबाईंनी विचारले, ‘‘आमचं वाईट चिंतताय व्हय?’’ गिताबाईंना मी आकड्याचे महत्त्व समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

‘‘ते समदं खरं हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर मी न्हाई मोजायची.’’

दुसऱ्या दिवशी त्या दारोदार पाटी घेऊन फिरल्या. प्रत्येक घराने कोंबडीमागे एक भुईमुगाची शेंग टाकायची. तोंडाने कोणी आकडा उच्चारायचा नाही. पाटी झाकून दवाखान्यात नेली. ‘‘मोजायचं ते तुमी मोजा, सायेब. आमच्या कानावर घालू नका.’’

परिचर मोजू लागला आणि मोजता मोजता सोलूही लागला. शंभर भरेनात. बाहेर आल्यावर मी तेथेच पायरीवर बसून तक्रार लिहू लागलो. बाई मात्र पदराआड हसत होत्या.

‘‘चव लागली आसंल, दादा. चूक माजीच. खायची वस्तू न्यायला नको व्हती.’’

त्यांचे हसू फार टिकले नाही. त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कोंबड्या माना वाकड्या करून गोल फिरू लागल्याची बातमी आली. गिताबाईंनी ‘घोडी’ला घरात घेतले, दार लावले आणि पुन्हा पाटी उचलली. या खेपेस चिंचोके.

चिंचोके कोणी खाल्ले नाहीत. शंभराहून मूठभर जास्तच निघाले. लसवाले बर्फाच्या डब्यासह भल्या सकाळी आले, खुराडी उघडण्यापूर्वी. बाईंनी प्रत्येक कोंबडीची मान स्वतः धरली, डोळ्यात थेंब पडेपर्यंत तिच्याशी कुजबुजल्या. ‘घोडी’ने थेंब घेतला आणि माझ्या बाहीवर घाण केली.

महिन्याभराने मर आमच्याकडेही फिरकून गेली. थेंब मिळालेल्या कोंबड्या तगल्या. साखरबाईंच्या मात्र तीन मेल्या, नवसाच्या तुरेवाल्या कोंबड्यासह. दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी त्या तिघांचे चिंचोके पाटीत टाकले नव्हते, आणि लसीच्या दिवशी त्यांना माळ्यावर झाकून ठेवले होते.

मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो. मसुदाही मनात तयार होता. गिताबाईंनी मला हाताने थांबवले. मेलेले पक्षी त्यांनी हरिबांकडून खोल खड्ड्यात पुरून घेतले, वर चुना टाकला. मग पदरात ‘घोडी’ची अंडी घेऊन त्या साखरबाईंच्या दारात गेल्या.

‘‘तुजी खुडूक हाय न्हवं? तिच्याखाली ही उबवाय घाल.’’

‘‘किती हायेत गं?’’ साखरबाईंनी रडत विचारले.

‘‘मोजू नको. घाल.’’

अट बदलण्याविषयी मी पुन्हा अर्ज केला आहे. उत्तर येईल अशी आशा मला नाही. म्हणून मागणी वाचकांकडेच करतो. पुढील लसीच्या वेळी गिताबाई, किंवा तुमच्या गावातील त्यांच्यासारखी कोणी, पाटी घेऊन दारात येईल. मोजू नका, हरकत नाही. परंतु घरात जेवढ्या कोंबड्या असतील तेवढे चिंचोके पाटीत टाका, नवसाच्या कोंबड्याचाही एक, आणि त्या सकाळी एकही पक्षी झाकून ठेवू नका.