उखर्डूभाऊ आणि न हललेला फोटो

सहाव्या वर्षी माझ्या लेकीला, सुजाताला, दोनदा फिट आली. मेंदूचा सीटी स्कॅन केल्याशिवाय कारण कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ही १९९२ची गोष्ट. जळगावात ते यंत्र नवंच होतं. बी.एस्सी. होऊनही मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

उखर्डूभाऊ तिथे मदतनीस होते. जवळच्या असोदा गावचे, पन्नाशीचे. पूर्वी रेल्वेच्या वॅगनमध्ये केळीचे घड भरायचे.

सुजाताचे पहिले फोटो हलले. यंत्र चालवणारे साहेब म्हणाले, "आता भूल द्यावी लागेल." फिट येणाऱ्या पोरीला भूल?

"साहेब, एक डाव मी पाहतो," उखर्डूभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अक्का, पोर नही हलत, तुम्ही हलवताय तिला! 'घाबरू नको' म्हटलं की ती तुमच्याकडं मान वळवते. बाहेर बसा."

मी काचेपलीकडे उभी राहिले. मधलं दार उघडंच होतं. त्यांनी टॉवेलच्या लहान गुंडाळ्या केल्या. कानामागे, मानेखाली बोट घालून पोकळ जागा चाचपली आणि एकेक भरली.

"डोक्यावरचा पट्टा आवळत नाही का?" मी न राहवून विचारलं.

"आवळला तर घड काळा पडतो. फटीत वाळली पानं भरली की भुसावळपासून दिल्लीपर्यंत गप बसतो."

"माझं डोकं कापणार?" सुजाताने विचारलं.

"केळीचा खांब आडवा कापला की चकत्या दिसतात ना? तशाच दिसतील. पण कापायचं काई नही. तीच तर गंमत शे!"

ती त्या गमतीचा विचार करत पडून राहिली. भूल लागली नाही.

फिल्म बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "काय दिसलं, भाऊ?"

"फोटो हलला नही, एवढं दिसलं. बाकी डॉक्टर सांगतील."

"रोज पाहता, काहीतरी कळत असेलच."

"रोज उजेडाला धरून पाहतो खरा. पण माझं चुकलं तर तुम्ही रडत घरी जाल."

डॉक्टरांनी हरभऱ्याएवढी गाठ दाखवली. गोळ्यांनी विरघळेलसं वाटतंय, नाही विरघळली तर ऑपरेशनसाठी मुंबईला न्यावं लागेल, म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. ते तीन महिने मी तिचा प्रत्येक श्वास मोजला.

दुसऱ्या स्कॅनलाही उखर्डूभाऊंनीच डोकं बसवलं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म दिव्यासमोर लावल्या. हरभऱ्याच्या जागी तिळाएवढा ठिपका होता. मुंबई टळली.

दारातून उखर्डूभाऊ डोकावले. "किती राहिली, साहेब?"

"या, बघा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी फिल्मला नाक लावलं. "ही डावीकडं शे ना?"

"नाही, उजवीकडे. फिल्ममध्ये उजवी बाजू डावीकडे दिसते. आपण पायाकडून पाहतो, असं धरायचं."

उखर्डूभाऊ तपासणीच्या टेबलावर पडलेल्या सुजाताच्या पायाशी जाऊन उभे राहिले. तिथून तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग फिल्मकडे.

"म्हणजे दोन वर्सं मी बठ्ठी, सारी माणसं उलटीच पाहिली!"

आणि बाकीच्या फिल्म पुन्हा पाहायला ते लगबगीने निघून गेले.