मोहाला मी 'वाळलेलं' लिहिलं

गेल्या सोमवारी मी गोंदियात होतो... सुट्टीवर नाही, ड्युटीवर. आमच्या पुण्याच्या कंपनीला इथल्या एका मुलींच्या होस्टेलचं काम मिळालं. साहेब म्हणाले, तुझा इलाका आहे, चल.

काम काय ते आधी सांगतो, घरी मला कधी धड सांगता येत नाही. मशीननं बिल्डिंग आणि आवारातली झाडं स्कॅन करायची. मग कॉम्प्युटरमध्ये सगळं हुबेहूब उभं राहते. मे महिन्यात दुपारी तीनला कोणत्या खिडकीवर कोणत्या झाडाची सावली पडेल, तेही दिसते. नवीन विंग कुठं बांधायची, कोणतं झाड ठेवायचं, ते त्यावरून ठरते.

मी नववीत शाळा सोडली. नागपूरला हॉटेल, सुरतला साड्यांचं गोदाम, मग पुणे... एका जागी पाय टिकत नाही. या कामात माझ्याकडे टॅब असतो. झाडाला टेप गुंडाळायचा, घेर लिहायचा, जिवंत की वाळलेलं ते बटण दाबायचं.

मागच्या भिंतीजवळ एक मोठं झाड होतं. अंगावर एक पान नाही. ऊन डोक्यावर, अजून कितीतरी झाडं बाकी... मी मान वर करून बघितलंही नाही. 'वाळलेलं' दाबलं आणि पुढे गेलो.

संध्याकाळी मेसच्या ओट्यावर साहेबांनी लॅपटॉप उघडला. बाकी झाडांचे हिरवे गोळे, आणि त्या जागी नुसती राखाडी काडी. साहेब खूश झाले. हे काढलं की विंग इथंच बसते, उद्या रिपोर्ट पाठवतो म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. अर्जुनीकडच्या. स्क्रीन बघून थांबल्या.

"हे काऊन असं सुकलेलं काढलं?"

"मेलं आहे ते, मावशी."

"कोन्या गावचा रे तू?"

"कामठ्याचा."

"कामठ्याचा होऊन मोहाले मेला म्हणून राहिला? फुलं पडाचे दिवस आहेत त्याचे! मे महिन्यात परीक्षेच्या टाइमाले खोल्यांची भट्टी होते, तवा पोरी त्याच्याच खाली वाचत बसतात. कुठं बसवशील त्याइले?"

कान गरम झाले माझे. लहानपणी मायसोबत पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जायचो. पानं झडली की मोह फुलते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं... माहीतच होतं. घरी गेलो नाही त्या तीन वर्षांत कुठं गेलं?

साहेबांना सांगायचं म्हणजे स्वतःची चूक सांगायची. मागच्या महिन्यात मी घेर चुकीचे टाकले होते. पुन्हा असं झालं तर बॅग भर, असं तेव्हाच ऐकून झालं होतं. आणि गप्प बसलो असतो तर साहेबांना कधी कळलंही नसतं...

पहाटे झाडाखाली गेलो. मावशी आधीच तिथं, वाकून वेचत होत्या. जमिनीवर फुलंच फुलं, आणि तो गोड, जड वास. मीही बाजूला बसून वेचायला लागलो. ओंजळ भरली तशी उठलो आणि साहेबांचं दार वाजवलं.

"सर, ते झाड जिवंत आहे. मी न बघता लिहिलं."

साहेबांनी एक फूल उचललं, हुंगलं. मग विचारलं, "पानं कधी येतात याला?"

"फुलं संपली की. मेमध्ये पूर्ण भरते."

लॅपटॉप उघडला. झाडाला पानं दिली, महिना मे ठेवला. मागच्या चार खिडक्या सावलीत गेल्या...

"विंग सरकवावी लागेल," साहेब म्हणाले. "आणि आवारातलं एकूण एक झाड परत तपास. मान वर करून."

सगळी झाडं परत तपासली. मोहाचा घेर घेताना टेपचं दुसरं टोक मावशींनी धरलं. म्हणाल्या, "मायले भेटला का?" मी नाही म्हटलं. इतक्या जवळ येऊन मी घरी कळवलंसुद्धा नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं "जाय" म्हणाल्या.

दुपारी कामठ्याची गाडी धरली. माय अंगणात मोह वाळू घालत होती. मला बघून आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला... आणि मग मला रागवायला लागली.

मावशी मोबाईल वापरत नाहीत, हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहून ठेवतो. तुम्ही त्या पोरींची सावली वाचवली मावशी, आणि मला घरचा रस्ता दाखवला.