बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या मालकांची तिथल्या कचेरीत बदली झाली. ते एसटीनं आठवड्याला घरी यायचे. जुनी जीप गावात माझ्यापाशी. पडीक रानात मी माझी मीच शिकले होते चालवायला. कोण शिकवणार?

दुष्काळच होता. लेक बाळंतपणाला आलेली, नातू झालेला, आणि न्हाणीला पाणी नाही. अंग पुसून पुसून किती दिवस काढावेत? डोक्याला तेल थापलेलं, केसांच्या जटा झालेल्या. "आई, एकदा डोक्यावरून पाणी घाल गं," एवढंच म्हणायची. म्हणून जीप काढली. नदीपल्याड भावाच्या विहिरीला अजून पाणी होतं. वाट जवळची, सोपी. कोरड्या नदीतून बैलगाडीची चाकोरी धरायची. वाळू लागली की गाडी हळू ठेवायची, पण थांबवायची नाही.

भावानं पिंप भरून दिलं. हिंदकळू नये म्हणून, घागरीत घालतात तसा, मी वर लिंबाचा पाला घातला. तिथंच चुकलं. नुसतं झाकलं असतं तर लोकांना डिझेल वाटलं असतं. पाला दिसला की आमच्याकडं लेकरालाही कळतं, आत पाणी हाय.

नदीत वाळू उकरून झिऱ्यापाशी बसलेल्या बाया उठल्याच. "वैनी, घागरीत जरासं." पाण्याला नाही कसं म्हणायचं? थांबले, दिलं. चाक रुतलं. त्याच बायांनी ढकललं. पुढं मेंढरं घेऊन एक म्हातारा. मला ऐकू येईल असं म्हणतो, "बाया गाड्या हाकाय लागल्या, मग पाऊस कसा पडंल?"

"मग बाईच्या हातचं पाणी चालंल का, मामा?"

"चालंल की! पाण्यानं काय केलंय?"

हसले, दिलं. पुन्हा रुतली. असं करत काठावर चढले तेव्हा दंड भरून आले होते, आणि मागं पिंप पोकळ वाजत होतं.

लेक न्हाणीतच बसलेली, केस सोडून. पिंप उतरवून आत नेलं, तशी डोकावली. आधी बाळाला घातलं. उरलं ते तिच्या अंगाला कसंबसं पुरलं. डोक्याला नाही. तिनं तेलकट केस गुंडाळले, फडकं बांधलं.

"कितीजणांना दिलंस?"

"मागितलं त्यांना."

"बरं केलंस," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.